वालचंदशेठांस काय विचारावें?

हिंवाळा आला कीं महाविद्यालयांतून स्नेहसंमेलनें सुरू होतात, आणि अलीकडे त्यांत एका नव्या समारंभाची भर पडली आहे. एखाद्या यशस्वी उद्योगपतीस पाचारण करावयाचें, त्यांचें व्याख्यान झालें म्हणजे विद्यार्थ्यांनीं उठून प्रश्न विचारावयाचे, आणि पाहुण्यांनीं आपल्या अनुभवाच्या शिदोरींतून उत्तरें द्यावयाचीं. प्रथा स्तुत्य आहे. पुस्तकांत न सांपडणारें पुष्कळसें अशा भेटींत मिळूं शकतें. परंतु विचारले जाणारे प्रश्न ऐकले म्हणजे थोडी निराशा होते. 'आपल्या यशाचें रहस्य काय?' 'तरुणांस आपण कोणता संदेश द्याल?' अशा थाटाचे ते प्रश्न असतात. रहस्य विचारलें म्हणजे उत्तरही तसेंच मिळतें: परिश्रम, चिकाटी, सचोटी, मोठीं स्वप्नें. यांतील एकही शब्द खोटा नाहीं. पण हे शब्द ऐकून घरीं गेलेल्या मुलास दुसऱ्या दिवशीं सकाळीं उठून काय करावें हें कांहीं कळत नाहीं.

अनुभवी उद्योगपतीपासून कांहीं शिकावयाचें तर त्यास काय विचारावें, एवढाच विषय मी आज घेतला आहे. उदाहरणासाठीं मीं जे गृहस्थ निवडले आहेत ते आतां उत्तर द्यावयास नाहींत. ८ एप्रिल १९५३ रोजीं ते निवर्तले. परंतु त्यांच्या नांवाचें गांव इंदापूर तालुक्यांत उभें आहे, आणि बारामती व इंदापूर या दोन तालुक्यांतील हजारों कुटुंबांच्या पोटापाण्याशीं त्यांच्या कामाचा संबंध आला. ते म्हणजे शेठ वालचंद हिराचंद दोशी. त्यांच्या चरित्रांतील प्रसंग शाळेंतील मुलांस ठाऊक असतात: पहिलें जहाज, पहिलें विमान, पहिली मोटार. ते प्रसंग मीही सांगणार आहें. पण ते सांगतांना, समोर विद्यार्थी बसला असता तर त्यानें कोठें हात वर करावा, हें आपण पाहूं.

वालचंदांचा जन्म २३ नोव्हेंबर १८८२ रोजीं सोलापुरांत एका जैन व्यापारी कुटुंबांत झाला. घरीं सावकारी होती, कापसाचा व्यापार होता. १८९९ सालीं ते मॅट्रिक झाले आणि पुढें कॉलेजांतही गेले; परंतु पदवीपर्यंत शिक्षण पोंचलें नाहीं. वडिलांच्या पेढीवर बसावयाचें म्हटलें असतें तर लोड-तक्क्याची जागा तयारच होती. तेथें त्यांचें मन रमलें नाहीं. याच सुमारास लक्ष्मणराव बळवंत फाटक नांवाच्या गृहस्थांशीं त्यांची गांठ पडली. फाटकांनीं रेल्वेंत कारकुनी केली होती, आणि नोकरी सोडून कंत्राटें घेण्याची त्यांची उमेद होती. काम त्यांस ठाऊक होतें, पैसा नव्हता. वालचंदांजवळ पत होती, काम ठाऊक नव्हतें. विसाव्या शतकाच्या अगदीं आरंभीं दोघांनीं भागी केली, आणि बार्शी लाइट रेल्वेच्या एका लहानशा तुकड्याच्या बांधकामापासून 'फाटक-वालचंद' ही जोडी कामास लागली.

श्रोतेहो, येथें मला थोडें थांबूं द्या. चरित्रकार या प्रसंगावरून झपाट्यानें पुढें जातात, कारण पुढें जहाजें आणि विमानें वाट पाहात असतात. पण शिकण्यासारखें जें आहे तें बहुतेक येथेंच आहे. रेल्वेच्या मातीकामाचें कंत्राट म्हणजे काय, याचा जरा विचार करा. भराव घालावयाचा किंवा खोदकाम करावयाचें तें ब्रासच्या हिशेबानें. शंभर घनफूट म्हणजे एक ब्रास. कंत्राटदार आधीं दर भरतो आणि मागाहून खणतो. वर मुरूम दिसला म्हणून मुरमाचा दर भरावा आणि चार हात खालीं काळा कातळ लागावा, म्हणजे नफा तेथेंच गाडला गेला. शिवाय काम झालें कीं लगेच पैसे मिळतात असेंही नाहीं. ओव्हरसियर येणार, मापें घेणार, मापांच्या पुस्तकांत नोंद होणार, बिल वर जाणार, त्यांतून अनामत म्हणून कांहीं रक्कम कापून राहिलेली केव्हां तरी हातीं पडणार. मजुराला मात्र बाजाराच्या दिवशीं पैसे मिळालेच पाहिजेत, कारण त्याच्या चुलीला तुमच्या बिलाशीं कर्तव्य नसतें. बाजाराचा दिवस आणि बिलाचा दिवस यांच्यामधील जें अंतर, तें ज्याला भरून काढतां येतें तो कंत्राटदार होतो. ज्याला येत नाहीं तो मुकादम राहतो. वालचंदांस तें भरून काढतां आलें, कारण पेढीचें नांव त्यांच्या पाठीशीं होतें. आणि कातळ कोठें लागेल तें समजूं लागलें, कारण फाटक बरोबर होते.

म्हणून 'वालचंदशेठ पदवीवांचून मोठे झाले' असें जेव्हां एखादा मुलगा घरीं वडिलांस ऐकवितो, तेव्हां वडिलांनीं रागावूं नये. शांतपणें एवढेंच विचारावें कीं, 'बाबा रे, तुझे फाटक कोठें आहेत, आणि तुझी पेढी कोठें आहे?' पदवी हें एका प्रकारचें पतपत्रच आहे. तें ज्याच्याजवळ नाहीं त्याला दुसरें कोणतें तरी लागतें. वालचंदांजवळ दुसरें होतें. याचा अर्थ त्यांचें कर्तृत्व कमी असा नव्हे. सोलापुरांत पेढ्या पुष्कळ होत्या. त्यांतील एकाच पेढीवरचा तरुण खडीच्या ढिगाऱ्यावर उभा राहून मापें घ्यावयास शिकला. परंतु जो विद्यार्थी त्यांच्यापासून धडा घेऊं पाहातो त्यानें पहिला प्रश्न विचारावयाचा तो हाच: पहिल्या कामाच्या वेळीं तुमच्यावर विश्वास कोणी टाकला, आणि तो कशाच्या जोरावर?

पुढें फाटक-वालचंदांच्या कंपनीचें टाटा कन्स्ट्रक्शन कंपनींत विलीनीकरण झालें. बोरघाटांतील रेल्वेच्या नव्या मार्गाचे बोगदे, तानशाच्या पाण्याची मुंबईकडे येणारी मोठी नळवाहिनी, अशीं कामें या मंडळींनीं केलीं. १९२६ सालीं स्थापन झालेली हिंदुस्तान कन्स्ट्रक्शन कंपनी याच घराण्याची. या काळाविषयीं सांगण्यासारखें पुष्कळ आहे, पण वेळ थोडा आहे. आपण जहाजाकडे वळूं.

पहिलें महायुद्ध संपलें तेव्हां 'लॉयल्टी' नांवाची एक आगबोट विकावयास निघाली होती. १८९१ सालीं बांधलेली ही बोट मूळची 'एम्प्रेस ऑफ इंडिया'. कॅनडाच्या एका कंपनीकडून ती ग्वाल्हेरच्या शिंदे महाराजांनीं घेतली आणि युद्धांत जखमी सैनिकांसाठीं रुग्णनौका म्हणून तिचा उपयोग केला. नरोत्तम मोरारजी, किलाचंद देवचंद, लल्लुभाई सामळदास आणि वालचंद यांनीं ती विकत घेण्याचें ठरविलें व १९१९ सालीं सिंदिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनी स्थापन झाली. ५ एप्रिल १९१९ रोजीं 'लॉयल्टी' मुंबईहून विलायतेकडे निघाली. त्या दिवसाची आठवण म्हणून १९६४ पासून ५ एप्रिल हा राष्ट्रीय सागरी दिन म्हणून आपण पाळतों.

आतां या बोटीचें पुढें काय झालें, हें समारंभांत कोणी सांगत नाहीं. बोट जुनी झालेली होती, आणि समुद्रावरील व्यापार बलाढ्य ब्रिटिश कंपन्यांच्या मुठींत होता. हिशेब जमेना. चार वर्षांच्या आंत, १९२३ सालीं, ती भंगारांत निघाली. त्याच वर्षीं सिंदिया कंपनीला प्रतिस्पर्ध्यांशीं जो करार पत्करावा लागला त्यानें तिला आपल्याच देशाच्या किनाऱ्यापुरतें जखडून टाकलें. ज्या जहाजाच्या नांवानें आपण उत्सव करतों तें जहाज व्यापाराच्या दृष्टीनें फसलें होतें, आणि तरी कंपनी टिकली! हें कसें झालें? मध्यंतरी तिनें दुसरीं मालवाहू जहाजें मिळविलीं होतीं. भाडें कोणतें मिळेल तें पाहून ती चालत राहिली, भागीदारांनीं हात काढून घेतला नाहीं, आणि नरोत्तम मोरारजींच्या निधनानंतर १९२९ सालीं वालचंदांनीं अध्यक्षपद स्वीकारून तें वीस वर्षांहून अधिक काळ संभाळलें. विद्यार्थ्यानें उद्योगपतीस 'तुमचें पहिलें जहाज कोणतें?' असें अवश्य विचारावें. पण त्याबरोबर 'दुसरें कोणतें, आणि पहिलें मोडीत काढण्याचा निर्णय कोणत्या आंकड्यावर घेतलात?' हेंही विचारावें. दुसऱ्या प्रश्नाचें उत्तर देतांना पाहुणे क्षणभर गप्प झाले, तर समजावें कीं आतां खरें व्याख्यान सुरू होणार.

आतां आपल्या प्रांताकडे येऊं. इंदापूर तालुका म्हणजे नीरा आणि भीमा या दोन नद्यांच्या बेचक्यांतील मुलूख. नीरा नरसिंगपुरास या दोघींचा संगम होतो. नद्या दोन, पण पाऊस बेताचा. सह्याद्री दूर पडल्यामुळें आभाळ येतें आणि निघून जातें. १८७६-७७ च्या भयंकर दुष्काळानंतर सरकारनें नीरेचा डावा कालवा हातीं घेतला व १८८५ च्या सुमारास वीरच्या बंधाऱ्यापासून त्याचें पाणी या बाजूस येऊं लागलें. पुढें १९२८ च्या सुमारास भाटघरचें नवें मोठें धरण पुरें झालें. तोंपर्यंत मोरोपंतांचें गांव म्हणून विद्वानांस ठाऊक असलेली बारामती आतां गुळाची पेठ म्हणून व्यापाऱ्यांसही ठाऊक झाली होती. (मोरोपंतांस यमकें सुचत तशी ज्यांस गुळाची प्रत नुसत्या बोटानें कळत असे, असे अडते या पेठेंत होते, असें मला नेहमीं वाटतें; असो.) कालव्याच्या शेवटाकडे मात्र, म्हणजे इंदापूर तालुक्यांत, पाणी पोंचूनही तें घेण्याची ऐपत सगळ्या शेतकऱ्यांना नव्हती. उंसाला पैसा लागतो, खत लागतें, आणि अठरा महिने धीर लागतो.

अशा जागीं, कळंब गांवाच्या शिवारांत, मार्सलँड प्राइस कंपनीच्या नांवानें वालचंदांनीं शेती व साखर कारखाना उभारला. १९३४ च्या सुमारास गाळप सुरू झालें आणि वसाहतीला वालचंदनगर हें नांव पडलें. पण त्यांचा हा पहिला शेतीप्रयोग नव्हता. नाशिक जिल्ह्यांत मालेगांवजवळ रावळगांव येथें १९२३ सालींच त्यांनीं खडकाळ जमीन घेतली होती, आणि दहा वर्षें तेथें माती, पाणी व ऊंस यांचें शिक्षण घेतलें होतें. रावळगांवचा कारखानाही १९३३ सालचा. म्हणजे आधीं शेत, मग कारखाना. शिवाय योग असा आला कीं, १९३२ सालीं सरकारनें साखरधंद्यास संरक्षण देणारा कायदा केला. जावाच्या स्वस्त साखरेवर जबर जकात बसली आणि देशांत जे तीसएक कारखाने होते ते तीन-चार वर्षांत एकशें तीसच्या आसपास गेले. नीरेच्या खोऱ्यांतही याच लाटेवर एकामागून एक कारखाने निघाले. वकिली सोडून आलेल्या चंद्रशेखर आगाशे यांनीं सामान्य मध्यमवर्गीयांकडून भाग-भांडवल गोळा करून १९३४ सालीं बृहन्महाराष्ट्र शुगर सिंडिकेट काढली ती याच काळांत, आणि तिचा कारखाना श्रीपूरला, माळशिरस तालुक्यांत. तेव्हां वालचंदनगर हें एका पुरुषाच्या धाडसाचें फळ आहे हें जितकें खरें, तितकेंच तें कालवा, जकात आणि दहा वर्षांचा रावळगांवचा अभ्यास या तिहींचें फळ आहे. आपल्या यशांत सरकारी धोरणाचा वांटा किती, असा प्रश्न पाहुण्यांस विचारण्याचें धैर्य विद्यार्थ्यांनीं दाखवावें. उत्तर प्रामाणिक असेल तर विचारणाऱ्यास पुढच्या वीस वर्षांची दिशा दिसेल.

आणखी एक प्रश्न आहे, आणि तो इंदापूरच्या मुलांनींच विचारावयाचा आहे. एवढी हजारों एकर जमीन आली कोठून? कांहीं खरेदीनें आली, पुष्कळशी खंडानें. कर्जानें गांजलेल्या, पाण्याची पट्टी भरण्याचीही ताकद नसलेल्या शेतकऱ्यांनीं आपल्या जमिनी मुदतीनें कारखान्यांस दिल्या. महाराष्ट्रांतील सगळ्याच खासगी साखर कारखान्यांची ही रीत होती. पुढें १९६१ चा कमाल जमीनधारणेचा कायदा आला. कारखान्यांकडील ऐंशी हजारांहून अधिक एकर जमीन सरकारनें घेतली आणि १९६३ सालीं स्थापन झालेल्या शेती महामंडळाकडे दिली. वालचंदनगर आणि शेजारचें रत्नपुरी येथील मळेही त्यांतच आले. खंड देणारा शेतकरी, त्याला सरकारी भाषेंत 'खंडकरी' असें नांव पडलें, तो मात्र जमिनीची वाट पाहात राहिला. त्याचा लढा दोन पिढ्या चालला. कायद्यांत दुरुस्त्या होऊन प्रत्यक्ष जमिनी परत मिळूं लागल्या त्या अलीकडे, २०१२ च्या सुमारास, आणि तोंपर्यंत मूळचे खंडकरी बहुतेक गेले होते.

आज जो विद्यार्थी इंदापूरच्या किंवा बारामतीच्या महाविद्यालयांत बसतो त्याचा एक आजा कारखान्यांत फिटर असतो आणि दुसरा आजा खंडकरी असतो. एका आज्यास वालचंदनगरनें पगार दिला, राहावयास खोली दिली, मुलांस शाळा दिली, दवाखाना दिला. दुसऱ्या आज्याचा बांध त्याच विस्तारांत नाहींसा झाला. या दोन गोष्टींपैकीं एकच सांगणें हें अर्धें सांगणें होय. उद्योगपतीविषयीं आदर बाळगण्यासाठीं दुसऱ्या आज्यास विसरण्याची गरज नाहीं, असें माझें मत आहे. उलट त्याचें दुःख ठाऊक असलेला मुलगा उद्यां कोठें कारखाना काढील तेव्हां जमिनीचा करार अधिक जपून लिहील.

खंडकऱ्याच्याच नात्यागोत्यांतील माणसांनीं पुढें काय केलें तेंही येथेंच सांगावयास हवें. मघां मीं पेढीचा प्रश्न विचारला होता: ज्याच्या घरीं पेढी नाहीं त्यानें पत आणावी कोठून? त्याचें एक उत्तर नगर जिल्ह्यांत प्रवरेच्या कांठीं मिळालें. विठ्ठलराव विखे पाटील आणि अर्थशास्त्रज्ञ धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकारानें शेतकऱ्यांनीं लहान लहान भाग घेऊन १९५० सालीं सहकारी साखर कारखाना चालू करून दाखविला. त्याचें अनुकरण करीत पुढील वर्षांत बारामती तालुक्यांत माळेगांवचा व सोमेश्वरचा, आणि इंदापूर तालुक्यांत भवानीनगरचा छत्रपती कारखाना निघाला. ज्या शेतकऱ्यास एकट्यानें सावकार दारांत उभा करीत नव्हता, त्याच्या उंसाच्या बिलांतून कापलेल्या पैशावर कोट्यवधींचीं यंत्रें आलीं. सहकारांत पुढें काय काय शिरलें तें आपण सर्व जाणतों. त्याची चर्चा आज नको. पत ही वारशानें येते तशी ती मोळी-मोळीनें जमवितांही येते, हें बारामतीच्या मुलांना दुसरीकडे जाऊन शिकावें लागत नाहीं.

वालचंदनगरच्या कारखान्याकडे आपण पुन्हां वळूं, कारण मला सर्वांत मोलाची वाटणारी गोष्ट अद्याप सांगावयाची राहिली आहे. साखर कारखाना वर्षांतील पांच-सहा महिने चालतो. हंगामांत तो थांबून चालत नाहीं. तोडलेल्या उंसांतील साखर तासातासानें घटत असते, आणि दारांत गाड्यांची रांग उभी असते. रात्रीं दोन वाजतां एखादा भाग मोडला तर तो रात्रींच बसवावा लागतो. इंदापूर तालुक्यांतून मुंबईला तार करून आणि विलायतेहून सुटा भाग मागवून हें काम होण्यासारखें नव्हतें. म्हणून अशा कारखान्याबरोबर यंत्रशाळा ठेवावी लागते, ओतशाळा ठेवावी लागते. हंगाम संपला कीं सगळा कारखाना उघडतात: चरकांचे रूळ उतरवून त्यांस नव्यानें चरे पाडतात, बॉयलरच्या नळ्या खरवडतात, पंप खोलतात, प्रत्येक चक्राचे दांत तपासतात. या उन्हाळी कामांत जो फिटर तयार होतो त्याला यंत्राचें अंग-प्रत्यंग ठाऊक होतें. दुरुस्ती करतां करतां सुटे भाग ओतणें, सुटे भाग ओततां ओततां सबंध यंत्र घडविणें, असा क्रम लागला. वालचंदनगर साखर कारखान्यांस यंत्रसामग्री पुरवूं लागलें. मग सिमेंटच्या कारखान्यांचीं यंत्रें, बॉयलर, जहाजांचीं दंतचक्रें. आणि शेवटीं भारतीय अंतराळ संशोधन संस्थेच्या पीएसएलव्ही प्रक्षेपकाच्या मोटरीचीं पोलादी आवरणेंही येथें बनलीं. नीरेच्या कांठच्या गांवांत घडलेलें पोलाद आकाशांत गेलें, याचें कौतुक वर्तमानपत्रांनीं केलें तें योग्यच. परंतु त्याचें मूळ एखाद्या भव्य स्वप्नांत शोधण्याऐवजीं मी तें मोडलेल्या दंतचक्रांत शोधतों.

वालचंद स्वतः मोठीं स्वप्नें पाहणारे होते, यांत शंका नाहीं. डिसेंबर १९४० मध्यें त्यांनीं म्हैसूर संस्थानच्या साहाय्यानें बंगलोरास हिंदुस्तान एअरक्राफ्ट कंपनी काढली. दीड वर्षाच्या आंत, १९४२ सालीं, युद्धाच्या निकडीमुळें सरकारनें त्यांचे भाग विकत घेतले. २१ जून १९४१ रोजीं विशाखापट्टणास राजेंद्रबाबूंच्या हस्ते जहाजकारखान्याचा पाया घातला. एप्रिल १९४२ मध्यें जपानी विमानांनीं त्याच गांवावर बाँब टाकले. तरी १४ मार्च १९४८ रोजीं 'जलउषा' पाण्यांत उतरली, आणि पंडित नेहरूंनीं तो समारंभ केला. १९५२ पासून या कारखान्याचीही मुख्य मालकी सरकारकडे गेली. १९४४ सालीं प्रीमियर ऑटोमोबाईल्स काढली. विमानाचा कारखाना हातचा गेला, जहाजाचा गेला. ते उद्योग मात्र देशांत राहिले आणि वाढले. आपण पेरलेलें दुसऱ्याच्या खळ्यावर गेलेलें पाहणें, हा प्रसंग नोकरी करणाऱ्या माणसावरही येतो. एखादें काम वर्षानुवर्षें उभें करावें आणि एका हुकुमासरशीं तें दुसऱ्याच्या टेबलावर जावें! अशा वेळीं वालचंदांनीं काय केलें? भांडले, पुष्कळ भांडले. सभांतून, चेंबरांतून, पत्रांतून भांडले. १९२७ सालीं महाराष्ट्र चेंबर ऑफ कॉमर्सची स्थापना त्यांनीं केली, कारण एकट्यानें भांडणें निरुपयोगी असतें हें त्यांस कळलें होतें. आणि भांडण चालू असतांनाच ते पुढच्या कामास लागले. हा सर्व व्याप चालूं शकला याचें श्रेय त्यांच्या धाकट्या बंधूंस, लालचंद, गुलाबचंद व रतनचंद यांस, द्यावयास पाहिजे. थोरला भाऊ नवा नकाशा पसरीत असतां जुन्या कारखान्यांचा रोजचा हिशेब कोणी तरी पाहात होतें. व्यासपीठावर येतो तो बहुधा नकाशा पसरणारा. घरांतील ज्या मुलाचा पिंड रोजचा हिशेब पाहण्याचा आहे त्यानें खट्टू होण्याचें कारण नाहीं.

बारामतीस आज औद्योगिक वसाहत आहे, तीनचाकी गाड्या तेथें बनतात, तुळजाराम चतुरचंद महाविद्यालय १९६२ पासून आहे, विद्या प्रतिष्ठानच्या संस्था आहेत. पाहुण्या उद्योगपतींची उणीव पडत नाहीं. तेव्हां विद्यार्थिमित्रांस माझी एक व्यावहारिक सूचना आहे. पाहुण्यांचें व्याख्यान ऐकण्यापूर्वीं एक दिवस मोकळा काढून जवळच्या कोणत्याही साखर कारखान्यांत परवानगी घेऊन जा. मोळी पूजनाच्या दिवशीं जाऊं नका. त्या दिवशीं हारतुऱ्यांशिवाय कांहीं दिसणार नाहीं. मे महिन्यांत जा. उन्हानें पत्रे तापलेले असतील, गव्हाण रिकामी पडलेली असेल, आणि चरकाचे रूळ जमिनीवर उतरविलेले असतील. तेथें एखादे वयस्क फिटर भेटतील. त्यांना 'काका' म्हणून हांक मारा, आणि मागच्या हंगामांत कारखाना किती तास बंद पडला व कशामुळें, तेवढें विचारा. ते मिनिटासह सांगतील. तेथून बाहेर पडतांना तुमच्या वहींत जे प्रश्न उतरले असतील, तेच दुसऱ्या दिवशीं सभागृहांत पाहुण्यांना विचारा.